जहाजावरच राहिलेल्या काकू

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी पडवीत वाल निवडत बसलो होतो. ते म्हणाले, "आता पेण-रोह्याची माणसंही क्रूझला जायला लागलीत. तुम्ही पंचवीस वर्षं लोकांना फिरवलंत. जहाजाच्या सहलीची तयारी कशी करावी यावर लिहा. वाचकांना उपयोग होईल असं." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की या सूचना मी आजवर शेकडो लोकांना तोंडी दिल्या आहेत आणि त्यांतली एक खोटी आहे. ती छापून पुन्हा द्यायची हे माझ्याच्याने होणार नाही. म्हणून आधी खऱ्या सूचना सांगतो, मग त्या खोट्या सूचनेचं सांगतो.

माझं ऑफिस पेणला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत होतं. एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर जगाचा नकाशा. आधी लग्नाच्या बस, देवदर्शनाच्या गाड्या, गणपतीत गावी येणाऱ्यांची बुकिंगं, मग विमानाची तिकिटं असं करत करत मी जहाजांपर्यंत पोचलो. एजंट नेमकं करतो काय, असं लोक विचारायचे. जहाज आमचं नसतं, विमान आमचं नसतं, हॉटेलही आमचं नसतं. आमचे असतात ते फक्त कागद. माणसाचे कागद योग्य क्रमाने, योग्य वेळी, योग्य खिडकीत नेऊन देणं एवढाच आमचा धंदा. बाकी सगळं समुद्र करतो.

प्रत्येक सहलीच्या महिनाभर आधी मी एक हॉल घेऊन तयारीची बैठक बोलवायचो. चहा आणि तळलेले पोह्याचे पापड ठेवायचो, म्हणजे उशिरा येणारेही वेळेवर येत. तिथे पहिली गोष्ट सांगायची ती दोन बॅगांची. मोठी बॅग बंदरावरच तुमच्या हातातून घेतात आणि ती तुमच्या खोलीच्या दारात येते ती संध्याकाळी, कधी जेवणं झाल्यावर. तोवर तुम्ही आणि तुमची हातातली पिशवी. म्हणून गोळ्या, चष्मा, पासपोर्ट आणि एक कपड्यांचा जोड पिशवीत ठेवायचा. पासपोर्टची मुदत परत आल्यावरही सहा महिने उरली पाहिजे. विमानाने जाऊन जहाज पकडायचं असेल तर एक दिवस आधी त्या गावात पोचायचं, कारण विमान चुकलं तर दुसरं मिळतं, जहाज मात्र थांबत नाही. जहाजावरच्या भिंतीवरचं घड्याळ खरं मानायचं. मोबाईल किनारा दिसला की आपली वेळ बदलतो आणि माणूस तासभर उशिरा बंदरावर येतो. समुद्रात असताना फोनचं नेटवर्क बंद ठेवायचं, बंदरात आल्यावर सुरू करायचं. ज्यांना बस लागते त्यांनी खोली मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची मागायची, तिथे जहाज कमी हलतं. आलेपाक जवळ ठेवायचा. आणि व्हिसा घेताना नीट बघायचं: जहाज एका देशातून निघून दुसऱ्या देशाला शिवून परत पहिल्या देशात येत असेल, तर तो दुसऱ्यांदा प्रवेश धरतात. एकदाच आत येण्याचा व्हिसा घेऊन गेलेला माणूस परतीच्या वाटेवर अडकतो.

इस्त्री, किटली, भाताचा कुकर, निरांजन, उदबत्ती यांतलं काही न्यायचं नाही. जहाजाला सगळ्यात मोठं भय पाण्याचं नसतं, आगीचं असतं. हे मी सांगत असताना नाना म्हात्रे हमखास हात वर करायचे. नाना कासूजवळच्या खाडीकाठच्या गावचे. कंपनीत फोरमन होते, त्याआधी पोरवयात बापाबरोबर शिडाच्या मचव्यावरून मिठाची वाहतूक केलेली.

"भाऊ, सकाली पाच वाजता बिनसाखरेची चाय मिलंल का?"

"मिळेल, नाना. चोवीस तास मिळते."

"तुमी म्हनता. मी किटली आननार."

आणि त्यांनी ती आणली. बंदरावर तपासणीत काढून घेतली आणि चिठ्ठी हातात दिली. शेवटच्या दिवशी एका लांबलचक टेबलावर जप्त केलेल्या वस्तू मांडून ठेवल्या होत्या. नाना आपली किटली काखेत मारून परत आले ते एकदम खुशीत. म्हणाले, "सगल्या देशांच्या किटल्या अटकेत होत्या. आपली एकटी नव्हती."

मी कितीही वेळा गेलो असलो तरी बंदरात उभ्या जहाजाखाली पोचलं की माझी मान आपोआप वर जायची. चौदा मजले. आमच्या बाजारपेठेतली घरं एकावर एक रचत गेलो तरी तिथवर पोचू की नाही कोण जाणे. आणि तेवढं सगळं दोरखंडांनी बांधलेलं, गोठ्यातल्या जनावरासारखं शांत उभं. अडीच-तीन हजार माणसांचं जेवण, आंघोळीचं गरम पाणी, दवाखाना, नाटकगृह, सगळं पोटात घेऊन ते रात्रभर चालतं आणि सकाळी दिलेल्या वेळेला नव्या गावाच्या धक्क्याला असं टेकतं की पेल्यातलं पाणी हलत नाही. नानांनी ते पहिल्यांदा पाहिलं, अथेन्सजवळच्या बंदरात, तेव्हा त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग हळूच मला विचारलं, "भाऊ, हिला वल्ही किती लागली असती?"

त्याच सहलीत गागोदे बुद्रुकच्या काकू होत्या.

बैठकीत मी शेवटी जी सूचना द्यायचो ती त्यांच्यावरची. मी म्हणायचो, "व्हिसाच्या अर्जात नातं लिहिताना कागदावर सिद्ध होईल तेच लिहा, मनातलं लिहू नका. आमच्या गागोद्याच्या एका बाईंनी मैत्रिणीला बहीण लिहिलं. तिकडच्या सरकारने व्हिसा नाकारला. बाकीचे तेराजण गाव बघून आले, बाई जहाजावरच राहिल्या." लोक हसायचे. ती गोष्ट इतकी रंगायची की पुढे पुढे लोक आधीच विचारायचे, ती बहिणीची गोष्ट सांगणार ना? मी ती सांगायला लागलो की माझी बायको हॉलमधून उठून बाहेर जायची. तिने मला एका शब्दाने कधी विचारलं नाही. ती वारली त्याला आता तीन वर्षं होतील.

झालं होतं ते असं.

काकू तेव्हा सत्तरीच्या आसपास होत्या. भात आणि वालाची शेती, नवरा वारलेला, मुलगा पुण्याला नोकरीला. मुलगा म्हणाला, आई, एकदा परदेशी जाऊन ये, कुठे जायचं ते तू ठरव. काकू माझ्या ऑफिसात आल्या, खुर्चीत बसल्या नाहीत, सरळ नकाशापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "यात हायफा कुठे हाय ते दाखवा."

मी दाखवलं. भूमध्य समुद्राच्या उजव्या टोकाला, इस्रायलच्या किनाऱ्यावर.

"तिथे जहाज जातं का?"

एक जात होतं. अथेन्सपासून निघून ग्रीसची दोन बेटं, सायप्रस, मग एक दिवस हायफा आणि परत. आता तिकडे लढाई सुरू झाल्यापासून ते बंदर फेऱ्यांतून काढून टाकलंय, पण तेव्हा होतं. काकूंना बेटांशी देणंघेणं नव्हतं. हायफामध्ये रिबका राहत होती. काकूंचं माहेर रोह्याजवळचं. तिथे त्यांच्या शेजारच्या घरात तेलाचा घाणा होता, तो रिबकाच्या वडिलांचा. आमच्या भागात अशी बरीच बेने इस्राएल ज्यूंची घरं होती, शनिवारी घाणा बंद ठेवणारी, आपल्यासारखंच मराठी बोलणारी, आडनावंही इथल्याच गावांवरून लावणारी. आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. रिबकाचं कुटुंब ती अठरा वर्षांची असताना निघून गेलं. त्यानंतर दोघींची भेट नाही. आधी पत्रं, मग फोन. रिबकाचा नवरा पंधरा वर्षं अंथरुणाला खिळलेला होता, त्यामुळे तिला येता आलं नाही. काकूंना एकटीला विमानाने पाठवायला मुलगा तयार नव्हता. माझ्यासारखा गावचा माणूस बरोबर असेल तर जा म्हणाला. जहाज हायफाला जेमतेम दहा तास थांबणार होतं. काकूंना पन्नास वर्षांनंतर ते दहा तास हवे होते, एवढंच.

ग्रीसचे व्हिसे झाले होते, पण इस्रायलचा वेगळा घ्यावा लागे. मी टेबलावर अर्ज ठेवला. तिथे कोणी ओळखीचं आहे का, नातं काय, असा एक रकाना होता.

काकूंनी स्वतःच्या हाताने लिहिलं: बहीण.

मी म्हटलं, "काकू, मैत्रीण लिहूया."

"मैत्रीण कशाला? बहीण हाय ती."

"आडनाव वेगळं, धर्म वेगळा. ते पुरावा मागतील."

"मागूदेत की. मी सांगेन त्यांना. तुम्ही कशाला घाबरता?"

मी म्हटलं बरं. पण मनात ठरवलं की सोबत एक खुलाशाचं पत्र जोडू, त्यावर काकूंची सही घेऊ, मग पाठवू. म्हणून त्यांचा अर्ज आणि पासपोर्ट इतरांच्या गठ्ठ्यातून काढून टेबलाच्या खालच्या खणात ठेवला. ते दिवस गणपतीच्या आधीचे होते. पेणला त्या दिवसांत मूर्तींच्या टेम्पोंनी रस्ते भरलेले असतात, आणि माझ्याकडे गावी येणाऱ्यांच्या गाड्यांचे फोन सकाळपासून सुरू असत. बाकीच्या तेराजणांचा आणि माझा असा गठ्ठा मी मुंबईला नेऊन दिला. खण मी उघडलाच नाही.

माझा धरून चौदा पासपोर्ट व्हिसा चिकटवून परत आले आणि मी ते मोजले, तेव्हा मला आठवण झाली. निघायला आठ दिवस होते. तरीही मुंबईला जाऊन, हात जोडून, चूक झाली म्हणून विनवणी करता आली असती. कदाचित झालं असतं, कदाचित नसतं. मी गेलोच नाही. गेलो असतो तर आधी काकूंना सांगावं लागलं असतं की तुमचा अर्ज माझ्या खणात पडून होता. त्याऐवजी मी त्यांना बोलावून सांगितलं, "काकू, तुमचा नाकारला."

त्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "का?"

उत्तर मी आधी ठरवलेलं नव्हतं. ते माझ्या तोंडून आपोआप आलं. "बहीण लिहिलंत ना तुम्ही."

जहाज कंपनीचा नियम असा होता की ज्यांच्याकडे त्या एका देशाचा व्हिसा नाही त्यांनी त्या दिवशी जहाजावर राहावं, बाकी सहल करावी. मला वाटलं काकू रद्द करतील. त्यांनी रद्द केलं नाही. म्हणाल्या, "जवळून तरी बघेन."

सायप्रस सोडल्यावरच्या सकाळी मी वरच्या डेकवर गेलो तर काकू कठड्याशी उभ्या होत्या. चारी बाजूंना गोल पाणी, कुठेही काठ नाही. त्या दिवशी ते पाणी गडद निळं होतं. काकू म्हणाल्या, "भाऊ, इथे बांध कुठेच नाय." शेतकऱ्याच्या घरची बाई, तिला सगळ्यात आश्चर्य त्याचं वाटलं की एवढी मोठी जागा आणि कुणी वाटून घेतलेली नाही. मग पाण्याकडे बघतच त्यांनी सांगितलं की त्यांच्याच जन्माच्या वेळी त्यांची आई बाळंतपणात गेली. शेजारी रिबका तेव्हा चार महिन्यांची होती. रिबकाच्या आईने दोघींना अंगावर पाजलं, काकू दीड वर्षांच्या होईपर्यंत. "म्हणून मी बहीण लिवलं," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं का हो?"

मी म्हटलं, "नाही, पण सरकारी कागदाला हे कळत नाही." असं म्हणालो मी. ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

हायफाला आम्ही पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. समुद्रातूनच डोंगर वर चढत गेलेला, त्यावर पांढरी घरं, मधोमध एक सोनेरी घुमट. बंदर गावाला अगदी लागून. कुंपणापलीकडे आगगाडीचं स्टेशन, त्याच्यापलीकडे रस्ता. तेराजण गाइडबरोबर बसमधून गेले. नाना जाताना काकूंना म्हणाले, "तुमच्या बहिनीला आमचा रामराम सांगू काय?" आणि हसले. त्यांचा काही दोष नाही, त्यांना मी सांगितलेलंच ठाऊक होतं.

काकू म्हणाल्या, "भाऊ, तुमचा व्हिसा हाय ना. तुम्ही जा तिच्याकडे." त्यांनी माझ्या हातात पेणच्या पोह्यांचं बंद पाकीट दिलं. रिबकाच्या लोकांत नवस फेडायला मलिदा करतात, पोहे, खोबरं, साखर घालून. तिकडे मिळतात ते पोहे जाड असतात अशी रिबकाची कायमची तक्रार होती. बाहेर पडताना तपासणीवाल्याने पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

रस्त्याच्या कडेला छत्री घेऊन एक ठेंगणी म्हातारी उभी होती. मला बघून लांबूनच म्हणाली, "पेणचा ना रे तू? ये."

पन्नास वर्षं परदेशी राहून तिचं बोलणं रोह्याशेजारच्या अष्टमी गावच्या बाजारातल्या बाईसारखं होतं, किंबहुना आता तिथे तसं बोलणारंही कुणी राहिलेलं नाही. तिने पाकीट फोडलं, चिमूटभर कच्चे पोहे तोंडात टाकले आणि चावत राहिली. मग विचारलं, "तिचे केस पांढरे झाले काय?"

"झालेत."

"सगळे?"

"सगळे."

"माझ्या देशाने माझ्या बहिणीला नाय म्हटलं," ती म्हणाली. "तुझ्यासमोर म्हटलं काय त्यांनी?"

आम्ही दोघंच होतो. काकू समोर नव्हत्या, तेराजण नव्हते, मला तिथे कुणाची लाज धरायची नव्हती. मी म्हटलं, "कागदावर लिहून आलं."

मग तिने फोन लावला आणि स्पीकरवर धरला. मी जहाजाकडे वळून पाहिलं. खालून, गावाच्या बाजूने मी ते कधी असं पाहिलं नव्हतं. स्टेशनच्या छपरांवर, झाडांवर, सगळ्यांवर एक पांढरा डोंगर उभा राहिलेला आणि त्याच्या वरच्या काठावर मोहरीएवढी माणसं. त्यांत एक हिरवा ठिपका. काकूंनी मुद्दाम हिरवं लुगडं नेसलं होतं.

"दिसते का गो मी?" फोनमधून काकू.

"हिरवं ते तूच ना?"

"दुसरं कोण असणार? इथे सगळ्या चड्ड्या घालून फिरतात."

"हात हालव."

"हालवला. तू छत्री वर कर."

रिबकाने छत्री उंच धरली. "दिसली?"

"दिसली. बारीक झालीस गो."

"व्हय. तू मात्र जाडी झालीस. बापरे, केवढी ती."

दोघी हसत होत्या. रिबकाने फोनवर तळहात ठेवला आणि मला हळूच म्हणाली, "मला काय पण दिसत नाय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. तिला सांगू नकोस." आणि हात काढून पुन्हा बोलायला लागली. तासभर त्या तशाच बोलत होत्या, एक कठड्याशी आणि एक कुंपणाशी, घाण्याच्या बैलाबद्दल, कुठल्याशा चिंचेबद्दल, मेलेल्या आणि जिवंत माणसांबद्दल. मी बाजूला उभा होतो. माझ्या आयुष्यात मी जगातली पुष्कळ मोठाली देवळं, राजवाडे, पूल बघितले आणि लोकांना दाखवले. त्या तासाइतकं मोठं काही मी पाहिलेलं नाही.

संध्याकाळी जहाज सुटल्यावर काकू मला म्हणाल्या, "तिला मी दिसले. मला मात्र ती नाय हो दिसली, कुंपणामागे केवढी माणसं आणि केवढ्या छत्र्या. पण म्हटलं तिला, दिसलीस म्हणून."

परत आल्यावर पुढच्याच बैठकीत कुणीतरी विचारलं, त्या गागोद्याच्या बाईंचं काय झालं म्हणे? मागच्या वेळचे नाना बसले होते, ते म्हणाले, "अर्जात बहीन लिवली म्हनून अटकवली." हॉल हसला. मी तिथे गप्प बसलो असतो तरी पुरलं असतं. मी त्यात दोन वाक्यं घातली, आणखी हशा आला. त्यानंतर ती माझी सूचना झाली. गोष्ट जितक्या वेळा सांगितली तितकी ती मला खरी वाटायला लागली. वडखळच्या एका लग्नात कुणीतरी काकूंना "इस्रायलची बहीण आली" म्हणून हाक मारली, असं माझ्या कानावर आलं. स्वतः पेणच्या बाजारात बसून वाल विकणाऱ्या काकू त्यानंतर माल दुसऱ्यांच्या हाती पाठवायला लागल्या. हे सगळं मला दिसत होतं.

संपादकांच्या फोननंतर चार दिवसांनी मी काकूंचा तो अर्ज पिशवीत घातला आणि एसटीने गागोद्याला गेलो. तो कागद मी फाडला नव्हता. ऑफिस बंद करताना सगळी कपाटं रिकामी केली, तरी तो घरी आणला होता.

काकू अंगणात होत्या. आता ऐंशीला टेकल्यात. मी बसलो नाही. कागद त्यांच्या हातात दिला आणि एका दमात सांगितलं. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, घाई केली नाही.

"हे माझंच अक्षर," त्या म्हणाल्या. "म्हणजे त्यांनी हे वाचलंच नाय?"

"नाही."

"मग नाय कोण म्हटलं?"

"मी."

त्यांनी कागदाची घडी केली. मग घरातून फोन आणला आणि रिबकाला लावला. रिबकाचा आवाज पूर्वीपेक्षा बारीक झालेला, पण अंगणभर ऐकू येत होता. काकूंनी तिला सगळं सांगितलं, जसं मी सांगितलं तसंच, माझ्या बाजूने काही कमी नाही, माझ्याविरुद्ध काही जास्त नाही. त्यात मीही मध्ये बोललो आणि मोतीबिंदूचं आणि छत्र्यांचं, दोघींचं एकमेकींपासून झाकलेलं तेही सांगून टाकलं. त्यावर पलीकडून एकदा हसल्यासारखं वाटलं.

"गो, तेव्हा माझे गुडघे चालत होते," रिबका म्हणाली.

"माझेपण," काकू म्हणाल्या.

मग तिने मला फोन द्यायला सांगितलं.

"तू परत गेलास ना, त्यानंतर मी इथल्या व्हिसाच्या ऑफिसात तीनदा गेले," ती म्हणाली. "खिडकीत एक पोरगी होती. तिने सगळं उघडून बघितलं. म्हणाली, आजी, या नावाचा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाय. मी तिला सगळ्यांसमोर खोटारडी म्हटलं. नाय नाय ते बोलले. पोरगी रडली."



"ती माझ्या देशाची होती आणि तू पेणचा होतास," रिबका म्हणाली. "मी तुझं खरं मानलं."

मी फोन काकूंच्या हातात दिला. पेणमधल्या एका खणात ठेवलेलं खोटं समुद्र ओलांडून एका अनोळखी मुलीपर्यंत पोचलं होतं आणि मला त्याचा इतकी वर्षं पत्ता नव्हता. मी माफी मागितली. काकूंनी ती दिली असं मी म्हणणार नाही, आणि नाकारली असंही नाही. त्यांनी मला चहा दिला. मुलाला सांगून रिबकाला इकडे आणता येईल का, यावर दोघींचं माझ्यासमोरच बोलणं सुरू झालं. दोघींच्याही वयाकडे पाहता ते होईल असं मला वाटत नाही, पण त्यांनी मला विचारलं नाही.

निघताना मी म्हटलं, "काकू, हे मी छापायला देणार आहे. तुमचं नाव कुठे येणार नाही याची काळजी घेईन."

"का म्हणून?" त्या म्हणाल्या. "हसायला गागोद्याची बाई चालली ना तुम्हाला? आता नाव घाला. तिचंपण लिवा. नातंपण लिवा."

म्हणून लिहितो. द्वारका रामचंद्र पाटील, मुक्काम गागोदे बुद्रुक, तालुका पेण. यांनी हायफा इथे राहणारी आपली बहीण रिबका हिला भेटण्यासाठी रीतसर अर्ज केला होता. तो कोणत्याही सरकारने नाकारला नाही. तो मी पाठवला नाही.